आपलं पोर हॉकी खेळायचं म्हणतंय : कॅनडात नव्याने आलेल्या पालकांसाठी

‘बाबा, मला हॉकी खेळायचीय.’ कॅनडात आलेल्या घरांत हे वाक्य साधारण पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात ऐकू येतं. आमच्याकडे ते मुलगा सहा वर्षांचा असताना आलं. मी सांगलीचा, हॉकी म्हटलं की डोळ्यांसमोर मैदान आणि ध्यानचंद. इथे नुसतं ‘हॉकी’ म्हणजे बर्फावरचीच, आपल्या हॉकीला ‘फील्ड हॉकी’ असं शेपूट लावावं लागतं. पुढची काही वर्षं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, थंडगार बाकांवर बसून, दिसेल त्या पालकाला विचारून आणि दोन-तीनदा नको तिथे पैसे घालवून जे कळलं ते इथे मांडतो आहे. मी ऑन्टारिओत राहतो, त्यामुळे तिथली उदाहरणं जास्त येतील. जिथे दुसऱ्या प्रांतांत रीत वेगळी आहे तिथे तसं सांगेन.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपण दहावी, बारावी, सीईटी, कटऑफ या रांगेतून आलेली माणसं. एक वर्ष हुकलं की गाडी सुटली, ही भीती आपल्या हाडात मुरलेली. हॉकीचा पसारा लांबून तसाच दिसतो: वयोगट, निवड चाचण्या, ड्राफ्ट. जवळून पाहिलं की तो एसटी स्टँडसारखा निघतो. एकाच गावाला जाणाऱ्या गाड्या चार फलाटांवरून सुटतात, एक हुकली तर मागून दुसरी येते. फक्त एखाद-दुसरी गाडी दिवसातून एकदाच असते. ती कोणती हे माहीत असलं की बाकीच्या धावपळीतली निम्मी तरी कमी होते.

आधी बर्फावर उभं राहू द्या

हॉकीच्या क्लबात नाव घालण्याआधी किमान एक हिवाळा नुसतं स्केटिंग होऊ द्या. त्याशिवाय हॉकी म्हणजे पोहता न येणाऱ्याला वॉटरपोलोत उतरवण्यातला प्रकार.

शहराच्या नगरपालिकेचे स्केटिंगचे वर्ग असतात. शिवाय स्केट कॅनडा या संस्थेचा ‘कॅनस्केट’ कार्यक्रम गावोगावचे स्केटिंग क्लब चालवतात. तिथे फिगर स्केटिंगची मुलं आणि हॉकीची मुलं शेजारी शेजारी शिकतात. ‘आपल्याला हॉकी हवीय, हे नाचाचं कशाला’ म्हणून नाक मुरडू नका. पात्याच्या कडेवर तोल सांभाळणं, उलटं जाणं, डावी-उजवी दोन्हीकडे थांबता येणं, हे सगळं तिथेच पक्कं होतं. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रशिक्षक हातातली काठी नंतर बघतात, आधी पाय बघतात.

वर्गाशिवाय आठवड्यातून एकदा सार्वजनिक स्केटिंगला न्या. नगरपालिकेच्या रिंकवर ते स्वस्त असतं, आणि कडाक्याच्या थंडीत बागेतल्या उघड्या रिंकवर फुकट. तुम्हीही स्केट्स घाला. मी चाळिशीत पहिल्यांदा घातले, कठडा सोडायला तीन रविवार लागले. पोराला त्या तीन रविवारी जेवढं हसू आलं तेवढं नंतर कुठल्या सामन्यात आलेलं मला आठवत नाही.

मूल सहा ते दहा वर्षांचं असेल आणि हॉकी कधीच खेळलेलं नसेल, तर ‘फर्स्ट शिफ्ट’ हा कार्यक्रम आपल्या भागात आहे का ते बघा. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक हॉकी लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांच्या पाठबळावर तो चालतो. माफक फीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत नवं सामान आणि काही आठवड्यांची बर्फावरची शिकवणी मिळते. जागा थोड्या असतात. नोंदणी उघडली की त्याच दिवशी भरा.

सामान

यादी लांब आहे: हेल्मेट आणि त्याला जाळी, दातांचं रक्षक, गळ्याचा पट्टा, खांद्याचे, कोपराचे आणि नडगीचे पॅड, हातमोजे, जाड पँट, जांघेचं कवच, लांब मोजे, काठी, स्केट्स. सगळं नवं घ्यायला जाल तर डोळे पांढरे होतील, आणि पोर वर्षभरात त्यातून बाहेरही येईल. हेल्मेट नवं घ्या, त्यावर सीएसए प्रमाणाचा शिक्का हवा. गळ्याचा पट्टा बीएनक्यू प्रमाणाचा आणि नवाच घ्या. त्याने गरम होतं, टोचतं म्हणून मुलं तो ढिला करतात, तिथे ऐकू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात ॲडम जॉन्सन हा व्यावसायिक खेळाडू गळ्याला स्केटचं पातं लागून गेला. कॅनडातल्या लहान मुलांच्या हॉकीत हा पट्टा त्याच्या आधीपासूनच सक्तीचा आहे. बाकी सगळं जुनं चालतं. जुन्या सामानाची दुकानं आहेत, आणि रिंकच्या पार्किंगमध्ये तर प्रत्येक घरात लहान झालेल्या पॅडची एक पिशवी पडून असते.

स्केट्सबद्दल दोन गोष्टी मला कुणीच सांगितल्या नाहीत. एक, ते रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घ्यायचे असतात. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे घेतले की घोटा आत हलतो आणि पोर पायाच्या आतल्या बाजूवर घसरत राहतं. दुसरी, नव्या स्केट्सना धार नसते. ती दुकानात लावून घ्यावी लागते. मी न लावता पोराला बर्फावर सोडलं. तो पाऊण तास कोऱ्या पात्यांवर ओट्यावरून सांडलेल्या दुधासारखा वाहवत होता, आणि याला जमत नाहीये म्हणून मी घरी येऊन बायकोजवळ हळहळत होतो.

काठी निवडताना तर आपण हमखास चुकतो. आपल्याकडच्या हॉकीत डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताच्या बॅट्समनचंही तेच. त्या सवयीने आपण पोराच्या हातात ‘राइट’ काठी देतो. इथे उजव्या हाताची बहुतेक मुलं उजवाच हात काठीच्या वरच्या टोकाला ठेवतात आणि पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबराची चकती, डाव्या बाजूने मारतात, म्हणजे त्यांना ‘लेफ्ट’ काठी लागते. कारण साधं आहे. काठी वळवण्याचं नाजूक काम वरचा हात करतो, आणि एका हाताने काठी लांबवर टाकून पक हिसकवायचा तर त्याच हातात जोर हवा. दुकानात जाण्याआधी पोराला लांब दांड्याचा झाडू द्या, काही न सांगता जमिनीवरचा चेंडू ढकलायला लावा आणि कोणता हात वर जातो ते बघा. उंचीचं म्हणाल, तर स्केट्स नसताना काठी नाकापर्यंत यावी आणि स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत.

गोलकीपर व्हायचं म्हणाला तर घाबरू नका. इथे त्याला ‘गोली’ म्हणतात. त्याचं सामान महाग असतं हे खरं, पण लहान वयोगटांत बरेच क्लब ते हंगामापुरतं वापरायला देतात.

आणि घरी आल्यावर पिशवी उघडी करून सगळं वाळत घाला. विसरलात तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फोडणीलाही तो वास झाकता येणार नाही.

नोंदणी, वयोगट आणि जन्ममहिन्याचं गणित

गट जन्मवर्षावर ठरतात: यू-७, यू-९, यू-११, यू-१३, यू-१५, यू-१८. ३१ डिसेंबर ही सीमारेषा. रिंकवरचे जुने लोक अजून नॉव्हिस, ॲटम, पीवी, बँटम, मिजेट अशी नावं घेतात. ती २०२० मध्ये बदलली. क्वेबेकमध्ये ‘यू’च्या जागी ‘एम’ दिसेल.

या सीमारेषेमुळे एक मजेशीर अन्याय होतो. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात येतं. आठ वर्षांच्या वयात हा फरक म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. मोठं मूल उंच असतं, वेगाने पळतं, चांगल्या संघात निवडलं जातं, तिथे त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि मग ते खरोखरच पुढे जातं. आल्बर्टातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये हे आकड्यांनी दाखवलं: वरच्या दर्जाच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू फार आणि शेवटच्या तिमाहीतले फार थोडे. म्हणून पोर नोव्हेंबरचं असेल आणि नऊ वर्षांचं असताना ‘बी’ संघात पडलं, तर त्यावरून त्याची लायकी ठरवायला बसू नका. आणि जानेवारीचं असेल तर फार हुरळूनही जाऊ नका.

नोंदणीला जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पालकांपैकी एकाला वागणुकीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. कंटाळवाणा वाटेल, पण गॅलरीतून पंचांवर ओरडणारे बाप पाहिलेत की तो का आहे ते समजेल. ऑन्टारिओत ‘रोवन्स लॉ’ हा २०१८ चा कायदा आहे. त्याप्रमाणे डोक्याला मार लागण्याविषयीची माहिती दरवर्षी वाचून तसं कळवावं लागतं. ते पान वरवर चाळू नका. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय, असं मूल म्हणालं तर त्या दिवशी खेळ बंद.

पैशाची ओढाताण असेल तर लाजू नका. किडस्पोर्ट, कॅनेडियन टायरचा जंपस्टार्ट निधी आणि हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेच्या फाउंडेशनचा असिस्ट फंड हे यासाठीच आहेत. अर्ज हंगामाच्या बरेच आधी करा.

यू-७ आणि यू-९ मध्ये मुलं अख्ख्या रिंकवर खेळत नाहीत, बर्फाचे तुकडे पाडून लहान जागेत खेळतात. ‘ही काय खरी हॉकी’ असं म्हणणारे पालक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. अख्ख्या रिंकवर एक दांडगं पोर पक घेऊन पळतं आणि बाकी नऊ जण त्याच्या मागे. लहान जागेत प्रत्येकाच्या काठीला पक लागतो. गल्लीत क्रिकेट शिकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हाउस लीग की रेप?

क्लबात दोन समांतर रांगा असतात. हाउस लीगमध्ये नाव घातलं की खेळायला मिळतं, आठवड्यातून साधारण एक सराव आणि एक सामना. दुसरी रांग ‘रेप’ची, म्हणजे निवडलेल्या संघांची: ए, एए, एएए अशा चढत्या पायऱ्या. पश्चिमेकडच्या प्रांतांत खालच्या स्तरांना ‘टिअर’ म्हणतात. टोरांटो परिसरात हा सगळा कारभार जीटीएचएल ही संघटना पाहते, आणि तिचा आवाका एवढा आहे की ती स्वतःला जगातली सर्वात मोठी मायनर हॉकी, म्हणजे मुलांच्या हॉकीची, संघटना म्हणवते. तिच्या संघांच्या निवड चाचण्या वसंतात होतात, म्हणजे सप्टेंबरच्या हंगामाचा निकाल एप्रिल-मेमध्येच लागतो. काही लहान गावांत त्या सप्टेंबरात असतात. आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रवेश घ्यायची सवय, त्यामुळे पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये चौकशीला गेलो तेव्हा संघ कधीच भरले होते.

नव्या पालकाला मोह पडतो एएएचा. माझं स्पष्ट मत: यू-११ पर्यंत त्याच्यामागे धावू नका. एएए म्हणजे आठवड्यात तीन-चार दिवस रिंक, शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात, हॉटेलं, आणि हाउस लीगच्या कित्येक पट खर्च. त्या वयात मुलाला मिळायला हवं ते तिथे मिळेलच असं नाही. एएएच्या चौथ्या फळीत बाकावर बसण्यापेक्षा ए संघात दर तिसऱ्या मिनिटाला बर्फावर उतरणं बरं. संघ निवडताना रंगीत जर्सी आणि क्लबचं नाव बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. सामन्यांच्या तुलनेत सराव किती? चुकलेल्या मुलाला प्रशिक्षक पुन्हा बर्फावर पाठवतो का? आणि गेल्या वर्षीची किती मुलं याच संघात परत आली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजून घ्या.

उन्हाळी हॉकी हाही एक मोठा धंदा आहे. वसंतातल्या खास निवडक स्पर्धा, खासगी शिकवण्या, ‘एलिट’ शिबिरं. मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्हीही एका शिबिरात चांगलीच रक्कम ओतली. तिथून तो एक घोषवाक्य छापलेला टी-शर्ट आणि हॉकीचा कंटाळा घेऊन परतला. तो उन्हाळा त्याने सॉकर खेळण्यात घालवला असता तर पायांना जास्त उपयोग झाला असता. हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकी ब्रँटफर्डला घराच्या मागच्या अंगणात वडिलांनी तयार केलेल्या बर्फावर तासन्‌तास खेळला, हे सगळे सांगतात. उन्हाळ्यात तो बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळायचा, हे शिबिराच्या जाहिरातीत नसतं.

धक्का देण्याचा खेळ, म्हणजे बॉडी चेकिंग, यू-१५ पासून आणि तोही वरच्या स्तरांतच सुरू होतो. पूर्वी तो पीवीत, म्हणजे आताच्या यू-१३ मध्ये, होता, २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयातून काढला. यू-१३ च्या शेवटच्या वर्षी धक्का कसा झेलायचा, कठड्याजवळ मान कशी ठेवायची हे शिकवणारे वर्ग क्लब घेतात. बाकी सगळ्या खासगी शिकवण्या सोडा, हा सोडू नका.

चौदा ते सोळा : ड्राफ्टची वर्षं

इथे शब्द बदलतात. मेजर ज्युनिअर हॉकीच्या तीन लीग आहेत: ऑन्टारिओची ओएचएल, पश्चिमेची डब्ल्यूएचएल आणि क्वेबेक व अटलांटिक प्रांतांची क्यूएमजेएचएल. तिघी मिळून सीएचएल. खेळाडू साधारण १६ ते २० वयाचे. या लीगचे संघ मुलं ‘ड्राफ्ट’ करतात, म्हणजे आळीपाळीने नावं घेतात. नाव घेतलं की त्या लीगमध्ये मुलावर त्याच संघाचा हक्क. मूल ज्या कॅलेंडर वर्षात पंधरा पूर्ण करतं त्या वर्षी डब्ल्यूएचएल निवड करते, बाकी दोघी ते सोळा पूर्ण करतं त्या वर्षी. म्हणजे कॅल्गरीतल्या पालकांना हा प्रश्न टोरांटोतल्या पालकांपेक्षा एक वर्ष आधी भेटतो. अर्थात डब्ल्यूएचएलमध्येही निवड झालेलं मूल पूर्णवेळ खेळतं ते सोळाव्या वर्षीच, त्याआधी मोजके सामने.

अगदी विरळा, असामान्य खेळाडूंसाठी पंधराव्या वर्षी पूर्णवेळ खेळायची खास परवानगीही असते. पुढे एनएचएलमध्ये गाजलेल्यांपैकी २००५ मध्ये जॉन टावारेसला ती पहिल्यांदा मिळाली, २०१२ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडला, २०२० मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये प्रथमच कॉनर बेडार्डला. तुमच्या रिंकवर कुणी आपल्या मुलासाठी याची भाषा करत असेल तर हसून ‘हो का’ म्हणा आणि कॉफी घ्यायला जा.

ड्राफ्टमध्ये नाव न येणं ही एसटी सुटल्याची खूण नाही. न निवडलेल्या मुलांनाही संघ सराव शिबिराला बोलावतात. पुढच्या, एनएचएलच्या ड्राफ्टचंही तसंच: व्हॅंकूवरजवळच्या सरेचा अर्शदीप बेन्स तिथे कुणाच्याच नजरेत भरला नाही. २०२१-२२ मध्ये रेड डिअर संघाकडून खेळताना त्याने ११२ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मिळवले, डब्ल्यूएचएलमध्ये सर्वांत जास्त, आणि एनएचएलच्या व्हॅंकूवर कॅनक्स संघाने त्याला करार दिला.

याच वयात ‘हॉकी अकॅडमी’चे फोन येऊ लागतात. शाळा आणि हॉकी एकाच छपराखाली. सस्कॅचवानमधल्या विल्कॉक्सचं नोट्र डेम हे जुनं नाव, ऑन्टारिओत ऑरोराचं सेंट अँड्र्यूज, सीमेपलीकडे मिनेसोटात शॅटक-सेंट मेरीज, जिथे एनएचएलचा तारा सिडनी क्रॉस्बी एक वर्ष शिकला. या चांगल्या शाळा आहेत आणि महाग आहेत. पण आता गल्लोगल्ली ‘अकॅडमी’ची पाटी लागते आहे. सही करण्याआधी विचारा, की मूल अभ्यासात नेमकं कोणत्या शाळेचं विद्यार्थी असेल आणि त्याचे गुणपत्रक कोण देईल.

मेजर ज्युनिअर, ज्युनिअर ए आणि बदललेला नियम

हा भाग नीट वाचा, कारण रिंकवर मिळणारा बहुतेक सल्ला आता शिळा झाला आहे.

कित्येक वर्षं पालकांपुढे एक दुभंग होता. सीएचएलमध्ये खेळायला गेलात तर अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचा दरवाजा बंद. सीएचएलचे खेळाडू भत्ता घेतात आणि त्यांत एनएचएलशी करार झालेलेही असतात, म्हणून एनसीएए त्या लीगला व्यावसायिक धरत असे. सोळाव्या वर्षी, जेव्हा मुलाला मिसरूडही नीट फुटलेलं नसतं, तेव्हा हा न फिरणारा निर्णय घ्यावा लागे. ज्यांना विद्यापीठ हवं असे ती मुलं मेजर ज्युनिअरच्या खालच्या पायरीवरच्या ज्युनिअर ए लीगमध्ये जात. केल मकार त्याच वाटेचा. कॅल्गरीचा मुलगा, आल्बर्टाच्या ज्युनिअर ए लीगमध्ये ब्रुक्स बँडिट्सकडून खेळला, मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, मग एनएचएलचा कोलोराडो संघ. २०१७ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये चौथा आणि २०२२ मध्ये स्टॅनली कप या एनएचएलच्या विजेतेपदाबरोबर प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएल खेळलेल्या मुलांनाही विद्यापीठाच्या संघात प्रवेश मिळू लागला. युकॉनच्या व्हाइटहॉर्समधला गॅव्हिन मकेन्ना डब्ल्यूएचएलचा मेडिसिन हॅट टायगर्स संघ सोडून पेन स्टेट विद्यापीठात गेला, तो या बदलाचा सगळ्यांत ठळक चेहरा. तेव्हा ‘सीएचएलचा एक सामना खेळलात की कॉलेज संपलं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याचं पोर केव्हा खेळत होतं ते विचारा. ज्युनिअर एची लीगसुद्धा जागा बदलत आहेत. ब्रिटिश कोलंबियाची बीसीएचएल २०२३ मध्ये हॉकी कॅनडापासून वेगळी झाली आणि २०२४ च्या जानेवारीत आल्बर्टाचे पाच संघ तिच्याकडे गेले. संघाशी बोलताना तो कोणाच्या छत्राखाली आहे ते आधी समजून घ्या.

या वयात मूल बहुधा घर सोडतं आणि दुसऱ्या गावात ‘बिलेट’ कुटुंबात राहतं. आपल्याकडे पूर्वी शिकायला आलेली मुलं ओळखीच्या घरी वार लावून जेवायची, तसलंच काहीसं, फक्त सातही वार एकाच घरी. त्या घरी आधी जाऊन या. मूल मांस खात नसेल तर स्पष्ट सांगा. कॅनडातली साधी माणसं असतात, चारदा विचारून डाळ करायला शिकतात.

सीएचएलचे संघ खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका शैक्षणिक वर्षाचा खर्च देऊ करतात. कॅनडातल्या विद्यापीठांच्या यू स्पोर्ट्स लीगमध्ये खेळणारे कितीतरी जण याच पैशावर शिकतात. पण त्याला मुदती आणि अटी असतात. कोणत्या तारखेपर्यंत वापरायचा, व्यावसायिक करार केला तर काय होतं, हे करारात शोधा आणि सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा. ‘फॅमिली ॲडव्हायझर’ म्हणून येणाऱ्या माणसालाही तेच विचारा, शिवाय त्याचे पैसे कुठून येतात तेही.

आता ती दिवसातून एकदाच सुटणारी गाडी. एनसीएएच्या वरच्या विभागात खेळायचं तर मान्यताप्राप्त १६ मुख्य विषय पूर्ण हवेत, आणि त्यांची मोजणी नववीपासून सुरू होते. दहावीत प्रवासामुळे गणित सोडलं, बारावीत बघू म्हटलं, आणि अठराव्या वर्षी प्रशिक्षकाला मुलगा हवा असूनही कागद अडला, असं होऊ शकतं. ड्राफ्टची फेरी परत येते, पण निघून गेलेली नववी पुन्हा बसवता येत नाही. नववीत प्रवेश घेतानाच शाळेच्या समुपदेशकाला जाऊन भेटा आणि विषयांची यादी समोर ठेवा. गुणपत्रकं जपून ठेवण्याचा आपला वंशपरंपरागत गुण इथे कामाला येतो.

एनएचएलचं काय?

ड्राफ्टला सात फेऱ्या, ३२ संघ, म्हणजे जगभरातून वर्षाला २२४ नावं. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण करणारी मुलं पात्र. त्यातलेही सगळे एनएचएलपर्यंत पोचत नाहीत. आणि न निवडलेले पोचतात: लावालचा मार्टिन सेंट लुई बुटका म्हणून कुणी घेतला नाही, तो व्हर्माँट विद्यापीठातून आला आणि २००४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टोरांटोचा मार्क जोर्डानोही कधी ड्राफ्ट झाला नव्हता. आपल्या उपखंडाकडून पाहिलं तर ब्रिटिश कोलंबियातल्या डंकन गावचा रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मिसिसागाचा मॅनी मल्होत्रा १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. सरेचा जुझार खैरा ज्युनिअर ए, मिशिगन टेक विद्यापीठ आणि डब्ल्यूएचएल अशा तीन फलाटांवरून फिरून पोचला.

मुलगी असेल तर

मुलींचे वेगळे संघ आणि संघटना आहेत, ऑन्टारिओत ओडब्ल्यूएचए. लहान वयात मुलांच्या संघातही खेळता येतं. मुलींच्या वाटेत मेजर ज्युनिअर हा टप्पा नाही, तिथून बहुतेकजणी थेट विद्यापीठात जातात, एनसीएए किंवा यू स्पोर्ट्स. कॅनडाच्या महिला संघाची नामांकित खेळाडू, क्वेबेकमधल्या बोसव्हिलची मारी-फिलिप पुलँ बॉस्टन विद्यापीठातून पुढे आली. म्हणून नववीच्या विषयांचं जे वर सांगितलं ते मुलींना दुप्पट लागू. आणि आता पुढे नोकरीही आहे: पीडब्ल्यूएचएल ही व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झाली, व्हॅंकूवर आणि सिॲटल आल्यावर आठ झाले. आमची धाकटी याच लीगमधल्या टोरांटो सेप्टर्सचा सामना पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी भावाची जुनी हेल्मेट घालून जेवायला बसली.

वर्षाचा हिशोब

फेब्रुवारी-मार्चमध्ये क्लबात चौकशी करा आणि रेपच्या चाचण्यांच्या तारखा घ्या. मूल नवखं असेल तर उन्हाळ्यातच स्केटिंगच्या वर्गात नाव घाला, सप्टेंबरला ते भरतात. जुनं सामान एप्रिलमध्ये घ्या, हंगाम संपल्यावर लोक पिशव्या रिकाम्या करतात. सप्टेंबरात हंगामाची सुरुवात आणि गणपती एकत्र येतात. आरतीची वेळ संघाच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवावी लागेल, मंडळातल्या दोन-चार घरांचीही तीच अडचण असते. दिवाळीच्या शनिवार-रविवारी कुठेतरी स्पर्धा असणारच. फराळाचा डबा गाडीत ठेवा. चकल्या संघातल्या पोरांना आवडतात, पण ड्रेसिंग रूममध्ये नेण्याआधी कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते व्यवस्थापकाला विचारा, आणि चिवडा घरीच ठेवा.